माया धरून कापा!

गेल्या वर्षी आई गेली. दिवस झाल्यावर आम्ही तिघी बहिणी माहेरी तिची पेटी उघडून बसलो. पेटीत पाच सुती लुगडी निघाली. तीन आम्ही एकेक करून आठवण म्हणून ठेवून घेतली. उरलेली दोन बरीच विरली होती. त्यांची बाबांसाठी गोधडी करावी, असं ठरलं. "शिवणकाम तुझ्याकडे," असं म्हणून मोठ्या बहिणीने ती दोन्ही माझ्या पिशवीत घातली आणि मी ती वाशीमला घेऊन आले.

माझ्याकडे शिवणयंत्र आहे. घरची पोलकी, परकर, उशांचे अभ्रे मीच शिवते. शिवाय एका शाळेत अर्धवेळ शिकवते. खरं तर मी मराठी घेऊन बी. ए. झाले, पण पाचवी-सहावीच्या गणिताला कुणी नव्हतं, म्हणून तो विषय माझ्या गळ्यात पडला. तेव्हा चौकोन जोडून गोधडी करणं म्हणजे आपल्याला काय अवघड, असं मला वाटलं.

मी हिशेब मांडला. गोधडी हवी ६० इंच रुंद आणि ९० इंच लांब. सहा-सहा इंचांचे चौकोन घेतले, तर आडवे १० आणि उभे १५. म्हणजे १५० तुकडे झाले. गुणाकार बरोबर, भागाकार बरोबर! दोन रात्री बसून तुकडे कापले, आठ-दहा दिवस दुपारचं काम आवरून ते जोडले, आणि कौतुकाने पलंगावर पसरले.

पलंग दोन्ही बाजूंनी उघडाच! टेप लावली, तर रुंदी ५० इंच आणि लांबी ७५. बाबा चांगले उंच आहेत. ही गोधडी गळ्यापर्यंत ओढली, तर त्यांचे पाय उघडे राहणार हे उघड दिसत होतं.

बाजारातलं कापड असतं तर पाटणी चौकात जाऊन आणखी दोन मीटर आणलं असतं. पण आईचं लुगडं कोणत्या दुकानातून आणू? कात्री चालवून बसलेलं कापड पुन्हा लांब होत नाही. त्या रात्री मला झोप आली नाही.

मैत्रिणींनो, माझ्यासारखी वेळ तुमच्यावर येऊ नये म्हणून हा लेख. आपण जेव्हा गोधडी करतो, तेव्हा बहुतेक वेळा कापड नवं नसतं. सासूबाईंचं लुगडं, मुलीचं झबलं, नवऱ्याचा पहिला शर्ट असं काहीतरी असतं. ते एकदाच कापता येतं. म्हणून कात्रीच्या आधी कागद-पेन्सिल घ्यायला हवी.

आजीच्या गोधडीला गणित लागत नव्हतं

तुम्ही म्हणाल, आमची आजी तर अक्षरशत्रू होती, तिने टेप कधी हातात धरली नाही, तरी तिच्या गोधड्या कशा बेतशीर होत? मलाही हाच प्रश्न पडला. उत्तर तिच्या पद्धतीतच आहे. आजी आधी अस्तर अंगणात पसरायची. त्यावर जुन्या लुगड्या-धोतरांचे थर घालायची, आणि वरून ठिगळं मांडत, कडा आत मुडपत, हाताने धावदोरा घालत जायची. गोधडीचं माप अस्तरानेच ठरवलेलं असायचं. एखादं ठिगळ तोकडं पडलं तर शेजारी दुसरं चढवायचं. एकावर एक थोडं आलं तरी बिघडत नसे.

आपण यंत्रावर करतो ते काम वेगळं आहे. इथे तुकडा तुकड्याला जोडला जातो, आणि सगळे जोडून झाल्यावर जे होईल तेच गोधडीचं माप. प्रत्येक जोडात थोडं कापड शिवणीच्या आत जातं आणि पुन्हा दिसत नाही. तेच मी विसरले होते.

आमच्या जिल्ह्यात मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे. बंजारा समाजाचं हे मोठं श्रद्धास्थान. रामनवमीला तिथे मोठी यात्रा भरते. तेव्हा वयस्क बायांच्या अंगावर फेटिया आणि कांचळी पाहावी. रंगीत कापडाचे लहान लहान तुकडे, आरसे, कवड्या यांनी ती भरलेली असते. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आजी तांड्यावरून आली होती. तिला मी माझी फसलेली गोधडी दाखवली. ती हसली नाही. आपली बोटं कापडावर ठेवून म्हणाली, "चार बोटांचा तुकडा पाह्यजे तं पाच बोटांचा कापावं, बाई. एक बोट सुईचं असते."

एक बोट म्हणजे साधारण पाऊण इंच. ते दोन्ही बाजूंना वाटलं तर प्रत्येक बाजूला तीन-तीन सूत. पुस्तक न वाचता तिला जे ठाऊक होतं, ते मी फळ्यावर गणितं सोडवूनही विसरले होते.

माया किती धरावी?

शिवणीसाठी जे जास्तीचं कापड ठेवतो त्याला आपण 'माया' म्हणतो. नियम अगदी सोपा आहे:

कापायचं माप = तयार तुकड्याचं माप + दोन्ही बाजूंची माया

'दोन्ही बाजूंची' हे शब्द महत्त्वाचे. पुष्कळजणी माया धरतात, पण एकाच बाजूची धरतात. चौकोनाला चार कडा असतात. रुंदीत डावी-उजवी आणि लांबीत वर-खाली, अशी दोनदा माया लागते.

पोलक्याला आपण अर्धा इंच किंवा त्याहून जास्त माया ठेवतो, कारण पुढे उसवून सैल करता यावं. गोधडीत उसवायचं नसतं. म्हणून पाव इंच माया पुरते. परदेशातही तुकडे जोडून रजया करणाऱ्या बायका पाव इंचच धरतात. मात्र कापड विरविरीत असेल, धागे सुटत असतील, तर तीन सूत किंवा अर्धा इंच धरावी. (एका इंचात आठ सूत. म्हणजे पाव इंच म्हणजे दोन सूत.)

माझी चूक आता तुमच्या लक्षात आली असेल. मी तुकडे कापले सहा इंचांचे आणि पोलक्याच्या सवयीने शिवण घातली अर्ध्या इंचावर. प्रत्येक तुकडा दोन्हीकडून मिळून एक इंच आत गेला आणि पाच इंचांचा उरला. दहा पंचे पन्नास, पंधरा पंचे पंचाहत्तर!

चौकोनासाठी हे हिशेब वहीत लिहून ठेवा:

तयार ४ इंच हवा: पाव इंच मायेला साडेचार, अर्ध्या इंच मायेला ५ इंच कापा.
तयार ६ इंच हवा: पाव इंच मायेला साडेसहा, अर्ध्या इंच मायेला ७ इंच कापा.
तयार ८ इंच हवा: पाव इंच मायेला साडेआठ, अर्ध्या इंच मायेला ९ इंच कापा.

लांबट तुकड्यालाही हाच नियम. तयार ३ × ६ हवा असेल तर पाव इंच मायेने साडेतीन × साडेसहा.

लुगड्यातून तुकडे किती निघतील?

इथे दुसरी फसगत होते. आपण कापडाचं क्षेत्रफळ काढतो, त्याला तुकड्याच्या क्षेत्रफळाने भागतो आणि खूश होतो. पण अर्धा तुकडा इकडचा, अर्धा तिकडचा जोडून चौकोन होत नाही. म्हणून रुंदीत किती बसतात आणि लांबीत किती बसतात हे वेगवेगळं काढावं. अपूर्णांक सोडून द्यावा आणि मग गुणाकार करावा.

माझंच उदाहरण घ्या. आईच्या दोन लुगड्यांचा नीट तपास केला. उजेडासमोर धरलं की विरलेला भाग लगेच दिसतो. एका लुगड्याचा मजबूत भाग १०० इंच निघाला, दुसऱ्याचा ६६ इंच. काठ वगळून रुंदी ४० इंच.

क्षेत्रफळाने पाहिलं तर ४० गुणिले १६६ म्हणजे ६,६४० चौरस इंच. साडेसहाच्या चौकोनाचं क्षेत्रफळ सव्वाबेचाळीस. भागाकार १५७ येतो. आता खरा हिशेब पाहा:

रुंदीत ४० भागिले साडेसहा, म्हणजे पूर्ण ६ तुकडे.
पहिल्या लुगड्याच्या लांबीत १०० भागिले साडेसहा, म्हणजे १५ ओळी.
दुसऱ्याच्या लांबीत ६६ भागिले साडेसहा, म्हणजे १० ओळी.
एकूण २५ ओळी गुणिले ६, म्हणजे १५० तुकडे.

१५७ नाही, १५०. आणि मला हवे होते बरोबर १५०! साडेसहा इंचांनी कापून पाव इंचाने शिवलं असतं, तर आईच्या दोन लुगड्यांत बाबांची पूर्ण गोधडी झाली असती. हे मला मागाहून, वहीवर कळलं.

आणखी एक गंमत पाहा. ४० इंच रुंदीत सहा इंचांचेही सहाच तुकडे बसतात आणि साडेसहाचेही सहाच. सहाने कापलं तर ४ इंचांची चिंधी वाया जाते, साडेसहाने कापलं तर एकच इंच. सात इंच धरले, तर मात्र पाचच बसतात आणि दोन्ही लुगड्यांत मिळून ११५ तुकडे निघतात. म्हणून आपल्या कापडाची रुंदी मोजून, आधी दोन-तीन मापं ताडून पाहावीत.

त्रिकोणाची गोम

चौकोन जमले की त्रिकोणांची हौस येते. दोन रंगांचे त्रिकोण जोडून केलेला चौकोन फार शोभतो. पण इथे 'दोन्ही बाजूंची माया' पुरत नाही. चौरस तिरपा कापला की त्या तिरप्या कडेलाही माया लागते, आणि टोकदार कोपऱ्यांत ती जास्त लागते.

बौधायनाच्या शुल्बसूत्रात, यज्ञवेदीची मापं सांगताना, चौरसाच्या कर्णावरचा चौरस मूळ चौरसाच्या दुप्पट होतो, असं आलं आहे. म्हणजे बाजू एक असेल तर कर्ण सुमारे १.४१. मुलांना हे आपण शाळेत शिकवतो. कात्री हातात घेतल्यावर तेच उपयोगी पडतं. या १.४१ वरून हिशेब केला की पुढचे नियम मिळतात. ते पाठ केले तरी पुरे:

एक चौरस एकदा तिरपा कापून दोन त्रिकोण करायचे असतील, तर तयार मापात मायेच्या सुमारे ३.४१ पट मिळवावं. पाव इंच मायेला हे सात सूत होतात. तयार ६ इंच हवा तर ६ इंच ७ सूत बाजूचा चौरस कापावा. अर्ध्या इंच मायेला पावणेदोन इंच मिळवावेत.

एक चौरस दोन्ही कर्णांवर कापून चार त्रिकोण करायचे असतील, तर मायेच्या सुमारे ४.८३ पट मिळवावं. पाव इंच मायेला सव्वा इंच, अर्ध्या इंच मायेला अडीच इंच. इथे त्रिकोणाची लांब बाजू तयार ६ इंच हवी असेल, तर पाव इंच मायेने सव्वासात इंचांचा चौरस कापायचा.

दोन्हीत निवड कशी करायची? तिरपी कड उरेब असते आणि उरेब कापड ताणलं की वाढतं. म्हणून उरेब कड गोधडीच्या बाहेरच्या बाजूला कधी येऊ देऊ नये. कडा लाटांसारख्या होतात. त्रिकोणाची लांब बाजू गोधडीच्या कडेला येणार असेल, तर दुसऱ्या रीतीने, चौरसाचे चार तुकडे करून कापावं. म्हणजे लांब बाजूला सरळ धागा येतो.

कात्री लावण्याआधी

नवं कापड वापरणार असाल तर आधी धुऊन घ्या. जुनं लुगडं आटायचं तेवढं आटलेलं असतं. नवं मांजरपाट नंतर आटतं आणि गोधडी चुरगळते. शंका असेल तर १० इंचांचा चौकोन कापून धुवा, वाळवा आणि पुन्हा मोजा. साडेनऊ भरला तर दर दहा इंचांना अर्धा इंच जातो, हे समजून कापड जास्त घ्या.

फर्मा जाड पुठ्ठ्याचा किंवा जुन्या एक्सरेच्या फिल्मचा करावा, आणि सगळे तुकडे त्याच एका फर्म्यावरून आखावेत. कापलेल्या तुकड्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा असं करू नये. खडूची रेघ दर वेळी थोडी बाहेर जाते आणि विसावा तुकडा मोठा झालेला असतो.

फर्मा कापडाच्या सरळ धाग्यावर ठेवा. कापड तिरपं झालं असेल तर आडवा एक धागा ओढून काढा. त्याच्या खुणेवरून रेघ सरळ येते.

शिवणही मोजून घाला. यंत्राच्या पट्टीवर सुईपासून पाव इंचावर चिकटपट्टी लावून ठेवा आणि कापडाची कड तिला लावून चालवा. प्रत्येक शिवणीत अर्धा सूत इकडेतिकडे झाला, तर तुकडा दोन्हीकडून मिळून एक सूत कमी होतो. दहा तुकड्यांत हे दहा सूत, म्हणजे सव्वा इंच होतात!

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे आधी चारच तुकडे कापा. दोन-दोन असे जोडा, इस्त्री करा आणि मोजा. तयार सहाचे चार तुकडे जोडल्यावर बाहेरच्या मायेसकट साडेबारा इंच भरले पाहिजेत. भरले तरच बाकीचं कापड कापा. ही दहा मिनिटं मी दिली असती, तर हा लेख लिहायची पाळी आली नसती.

अस्तर आणि गोट

अस्तर आणि आतले थर वरच्या जोडकामापेक्षा प्रत्येक बाजूने दोन इंच मोठे ठेवा. धावदोऱ्याने गोधडी आक्रसते. टाके जितके दाट, तितकी जास्त. जास्तीचं शेवटी छाटता येतं. कमी पडलेलं वाढवता येत नाही.

गोटासाठी चारही बाजूंची बेरीज करा. ६० × ९० च्या गोधडीला ३०० इंच. कोपरे वळवायला आणि जोडांना आणखी १२ इंच धरा. ४० इंच रुंदीच्या कापडातून अडीच इंच रुंदीच्या पट्ट्या काढल्या, तर प्रत्येक पट्टीतला अर्धा इंच जोडात जातो. तेव्हा ३१२ भागिले साडेएकोणचाळीस, म्हणजे ८ पट्ट्या. आठ अडीच वीस इंच कापड पुरतं. सरळ कडांना उरेब पट्टीची गरज नाही.

माझ्या गोधडीचं काय झालं?

अपुरी गोधडी घेऊन मी माहेरी गेले आणि बाबांना सगळं खरं सांगून टाकलं. त्यांनी ती हातात घेऊन बराच वेळ पाहिली. हे लुगडं अमक्याच्या लग्नातलं, हे तमक्या साली घेतलेलं, असं एकेका चौकोनावर बोट ठेवून सांगत राहिले. मग म्हणाले, "रडतं काहून व? माह्यं धोतर पेटीत पडलंच हाये. ते लाव नं कडंनं." गुडघे धरल्यापासून ते पायजमाच घालतात.

या वेळी मी आधी वही घेतली. रुंदीत १० इंच हवे होते, म्हणजे दोन्ही बाजूंना ५-५. अर्धा इंच माया दोन्हीकडे धरून ६ इंच रुंदीच्या दोन पट्ट्या, लांबी ७५ अधिक १, म्हणजे ७६. त्या लावून झाल्यावर लांबीसाठी वर-खाली साडेसात-साडेसात. म्हणून साडेआठ इंचांच्या दोन पट्ट्या, लांबी ६० अधिक १, म्हणजे ६१. पांढरी कड लवकर मळेल म्हणून धोतर आधी निळ्या रंगात बुडवून, धुऊन, वाळवून घेतलं. कापण्यापूर्वी तीनदा मोजलं. पट्ट्या बरोबर बसल्या.

लुगड्यांचा विरलेला भाग आतल्या थराला गेला. बारा तुकडे उरले होते. तीन आडवे, चार उभे जोडून बाबांच्या उशीच्या अभ्र्याची एक बाजू झाली. आईच्या कापडातलं काही टाकावं लागलं नाही.

थंडीत बाबांना फोन करून विचारलं, पाय झाकतात ना? म्हणाले, "झाकते. खालून उलट दुमडून घ्या लागते."